रोहूच्या मूत्रपिंडापासून डब्बा ४ पर्यंत: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२४

मुरबाडचे दादा, ज्यांच्या तळ्यात रोहू मरताहेत, आज स्वतःच मासे घेऊन कोपरखैरण्याच्या आमच्या लॅबला आले. एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग ट्रान्स-हार्बर. थर्माकोलच्या पेटीत बर्फावर दोन मेलेले रोहू आणि प्लास्टिकच्या पिशवीत थोड्या पाण्यात एक अर्धमेला. मेलेले दोन्ही मी बाजूला ठेवले तेव्हा दादांचा चेहरा उतरला. "ताई, एवढ्या लांबून आणलेत." त्यांना सांगितलं, मेलेला मासा दोन-चार तासांत कुणाचाही होतो. त्यात पाण्यातले झाडून सगळे जीवाणू घुसतात, आणि मग मारणारा कोण आणि नुसता जेवायला आलेला कोण, हे कळत नाही.

जिवंत रोहूच्या शेपटीजवळ आठ आण्याएवढी लाल जखम, खवले उभे राहिलेले, पोट फुगलेलं. नमुना जखमेतून घेतला नाही, मूत्रपिंडातून घेतला. पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी असते ती. जखम उघडी असते, तिथे काहीही सापडतं. मूत्रपिंडात जीवाणू असेल तर तो रक्तातून पोचलेला असतो.

दादांनी जाताना विचारलं, "औषध कधी सांगाल?" हा प्रकल्प औषधाचा नाही, मासे मारणाऱ्या जीवाणूचा कुठला जीन त्याला घातक करतो ते जीन काढून बघण्याचा आहे, हे मी त्यांना नीट सांगू शकले नाही.

१७ जून

मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर शुद्ध वाढ. प्रत्येक कॉलनीभोवती स्वच्छ, पारदर्शक झोन, प्लेट दिव्यासमोर धरली की पलीकडचा कॅलेंडरवरचा गणपती दिसतो. ऑक्सिडेज हे एन्झाइम ओळखणारी पट्टी लगेच जांभळी झाली. व्हिब्रिओ जीवाणूंना रोखणाऱ्या ओ/१२९ रसायनाच्या चकतीला दाद नाही, म्हणजे व्हिब्रिओ नव्हे. मीठ नसलेल्या माध्यमात मजेत वाढतो, ६ टक्के मिठात नाही. एरोमोनास.

पण हा जीवाणूंचा अख्खा गट, त्यातला कुठला? जीवाणू ओळखायला नेहमी वाचतात तो १६एस जीन वाचून एरोमोनासच्या जाती वेगळ्या काढता येत नाहीत, त्या एकमेकींच्या फार जवळच्या. कित्येक वर्षं ज्यांना हायड्रोफिला म्हटलं गेलं, त्यातले बरेच पुढे ढाकेन्सिस निघाले. म्हणून जातींमधला फरक जास्त दाखवणारा गायरबी जीन पाठवला आहे.

२८ जून

गायरबीचं उत्तर आलं: हायड्रोफिला. २००९ पासून अमेरिकेत अलाबामातल्या कॅटफिशच्या तळ्यांत ज्या अतिघातक वाणाने हाहाकार केला, तो एकट्या मायो-इनॉसिटॉल या साखरेसारख्या पदार्थावर वाढतो. आमचा वाढला नाही. जरा हायसं वाटलं.

अँटिबायोटिकच्या चकत्यांनी मात्र आमचं गणित बिघडवलं. अँपिसिलिनला प्रतिरोध अपेक्षितच होता, हायड्रोफिलाला तो जन्मतःच असतो आणि पुढे आमच्या कामाचा आहे. पण ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या चकतीलाही काठापर्यंत वाढ. दादांना फोन केला. म्हणाले, दोन वर्षं खाद्यातून देतोय, दुकानदाराने सांगितलं होतं. झालं. प्लाझ्मिड म्हणजे जीन आत नेणारं डीएनएचं छोटं कडं, ते आत गेलं हे ओळखायला त्यावर अँटिबायोटिकच्या प्रतिरोधाची खूण लागते. टेट्रासायक्लिनच्या खुणेचं एकही प्लाझ्मिड आता आमच्या कामाचं नाही. तळ्यात टाकलेल्या औषधाने प्रयोगशाळेतलं हत्यारही बोथट केलं. क्लोरँफेनिकॉलला मात्र संवेदनशील आहे, त्याच्यावर भिस्त.

८ जुलै

रात्रभर कोसळला. मध्य आणि हार्बर दोन्हींचा खोळंबा, मी कळव्यातच अडकले. प्लेटा इन्क्युबेटरमध्ये. लॅबच्या काकांना फोन करून फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्या. काका लॅबजवळच राहतात म्हणून निभावलं.

घरी बसून जुने पेपर वाचले. १९८० सालचा व्हिब्रिओ अँग्विलारमचा खरंच वाचण्यासारखा. होर्हे क्रोसा यांनी दाखवलं की या जीवाणूच्या घातकपणाचं मूळ एका प्लाझ्मिडवर आहे, पीजेएम१. ते प्लाझ्मिड गेलं की माशाच्या अंगातलं लोह ओढून घेण्याची यंत्रणा जाते आणि मासा वाचतो. नेमका एकच जीन काढण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती, म्हणून अख्खं प्लाझ्मिडच घालवलं. बैल हवा होता, गोठाच रिकामा केला. पण दिशा बरोबर होती.

आणि १९८८ चा स्टॅन्ली फाल्को यांचा लेख. रोग कुठल्या जंतूमुळे झाला हे ठरवण्याच्या कॉखच्या नियमांना त्यांनी जीनची भाषा दिली: जीन काढा, घातकपणा कमी झाला पाहिजे, तोच जीन परत घाला, घातकपणा परत आला पाहिजे. वाचायला इतकं सरळ वाटतं.

१५ जुलै

आराखडा ठरला. पहिला आरोपी एरोलायसिन, जीन एरए. हे विष जीवाणूतून निष्क्रिय रूपात बाहेर पडतं. बाहेर एखादं प्रोटिएज त्याचं टोक कापतं, मग सात रेणू एकत्र येऊन कडं करतात आणि पेशीच्या पटलाला आरपार भोक पाडतात. रक्ताच्या प्लेटवरचा झोन म्हणजे अशी भोकं पडून फुटलेल्या तांबड्या पेशी.

जीनच्या अलीकडून आणि पलीकडून प्रत्येकी ८०० बेसचा तुकडा घ्यायचा, दोन्ही जोडायचे, मधला जीन गाळायचा. वाचनचौकट (बेस तीन-तीनने वाचायचा क्रम) न मोडता, म्हणजे शेजारच्या जीनवर परिणाम नको. जोडलेला तुकडा पीआरई११२ वर. हे क्लोरँफेनिकॉलच्या खुणेचं आत्मघाती प्लाझ्मिड: पीर प्रथिन असेल तिथेच त्याच्या प्रती होतात. प्लाझ्मिड देणाऱ्या ई. कोलायच्या दाता वाणात ते प्रथिन आहे, एरोमोनासमध्ये नाही. म्हणजे एरोमोनासमध्ये गेल्यावर क्लोरँफेनिकॉलच्या प्लेटवर तगायचं असेल तर त्याला गुणसूत्रात घुसण्याखेरीज गत्यंतर नाही.

पीसीआर चार दिवस नुसता धूसर पट्टा देत होता. हायड्रोफिलाच्या डीएनएत घट्ट जुळणाऱ्या जी आणि सी बेसचं प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास, धागे सुटता सुटत नाहीत. धागे सुटायला मदत करणारं डीएमएसओ ५ टक्के घातल्यावर एकच ठसठशीत पट्टा आला.

२ ऑगस्ट

विजेच्या झटक्याने प्लाझ्मिड घालायचे तीन प्रयत्न, तिन्ही फुकट. तळ्यातून आणलेला जीवाणू परका दुपदरी डीएनए दारातच कापतो. आता संयुग्मन: दाता ई. कोलाय आणि एरोमोनास एका गाळण कागदावर रात्रभर एकत्र ठेवायचे. त्यात डीएनए एकपदरी आत जातो, कात्रीच्या तावडीतून थोडा तरी निसटतो.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. खाडीवर नारळ सोडायला कोळीवाड्यातून मिरवणूक निघाली होती, ट्रॅफिकमुळे लॅबला पोचायला उशीर. आणि प्लेटवर ११ कॉलन्या! क्लोरँफेनिकॉल आणि अँपिसिलिन दोन्हींवर. क्लोरँफेनिकॉलने प्लाझ्मिड नसलेले एरोमोनास मेले, अँपिसिलिनने दाता ई. कोलाय मेला. निदान माझा तसा समज होता.

२८ ऑगस्ट

पहिला क्रॉसओव्हर झाला, म्हणजे प्लाझ्मिड गुणसूत्रात घुसलं, आता ते बाहेर काढणारा दुसरा हवा. प्लाझ्मिडवर सॅकबी जीन आहे. साखर मिळाली की तो लेव्हान नावाची साखरेची लांब साखळी बनवतो आणि एरोमोनाससारखा ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू त्यातच मरतो. म्हणून साखरेच्या प्लेटवर तोच जगेल ज्याने प्लाझ्मिड बाहेर टाकलंय. बाहेर टाकताना निम्म्यांनी मूळ जीन ठेवायचा, निम्म्यांनी गाळलेला, असं पुस्तक म्हणतं.

माझ्या प्लेटवर सगळेच जगले. जाजम पसरावं तशी वाढ. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "एलबी कुठलं घेतलंस?" एलबी म्हणजे जीवाणू वाढवायचं माध्यम, मी घेतलं नेहमीचं, मिठाचं. आणि ३७ ला ठेवलं होतं. मीठ असेल तर सॅकबीचा मारा बोथट होतो, हे प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं. १० दिवस गेले. चूक माझीच.

१३ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपून परत. बिनमिठाचं एलबी, १० टक्के साखर, २८ अंश. या वेळी मोजण्याइतक्या कॉलन्या. ९६ कॉलन्या टूथपिकने उचलून दोन दोन प्लेटांवर टेकवल्या, एक क्लोरँफेनिकॉलची, एक साधी. मानेत उसण भरली. क्लोरँफेनिकॉलवर मेल्या त्या कामाच्या. दोन्हींवर जगल्या त्यांनी नुसता सॅकबी बिघडवून घेतलाय, प्लाझ्मिड तसंच पोटात.

२४ सप्टेंबर

सापडला!! कामाच्या कॉलन्यांपैकी एकीला रक्ताच्या प्लेटवर झोनच नाही. एरएच्या आतल्या प्रायमरने (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) पीसीआर केला, पट्टा नाही. जीन गेला. ग्रुपवर फोटो टाकला, खालच्या दुकानातून पाव किलो पेढे आणले. मॅडम घाईत होत्या, "छान, पण पक्कं कर" एवढंच म्हणाल्या.

२७ सप्टेंबर

पेढे घशात अडकले.

पहिल्या वर्षाच्या पोरांचं प्रॅक्टिकल होतं, काकांनी ऑक्सिडेजसाठी हाताला लागली म्हणून माझीच प्लेट दिली. एक मुलगा येऊन म्हणाला, "ताई, ही पट्टी जांभळी होत नाहीये." मी म्हटलं पट्टी जुनी असेल. नवी काढली. १० सेकंद, २०, ३०. पांढरी ती पांढरीच.

ऑक्सिडेज निगेटिव्ह. म्हणजे तो एरोमोनासच नव्हे. माझा म्युटंट, जीन गाळलेला वाण म्हणून मिरवलेला, म्हणजे दाता ई. कोलाय होता.

कसं झालं ते संध्याकाळी मॅडमसोबत बसून उलगडलं. गर्दीच्या प्लेटवर एरोमोनासचे एन्झाइम आजूबाजूचं अँपिसिलिन फस्त करतात. त्यांच्या आडोशाला दाता जिवंत राहिला. मी त्या ११ कॉलन्या दोनदा रेघा ओढून शुद्ध न करता पुढे नेल्या, तो त्यांच्यासोबत आला. अँटिबायोटिक काढल्यावर दात्याने प्लाझ्मिड सोडून दिलं, म्हणजे साखरेवर जगणार, क्लोरँफेनिकॉलवर मरणार: हुबेहूब दुसऱ्या क्रॉसओव्हरसारखा. झोन नाही कारण ई. कोलायच्या या वाणाला झोन नसतोच. आणि एरएचा पट्टा नाही कारण ई. कोलायमध्ये एरए कधी नव्हताच.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यातला संन्याशीही दुसऱ्याच गावचा.

खरी गफलत प्रायमरची. जीनच्या आतले प्रायमर वापरले की "पट्टा नाही" हा पुरावा होतो, आणि पट्टा न येण्याची पन्नास कारणं असतात. बाहेरचे प्रायमर हवेत, दोन्ही अंगांच्या पलीकडचे. मग जीन असेल तर लांब पट्टा, गाळला असेल तर आखूड पट्टा, आणि काहीच नसेल तर काहीतरी चुकलंय हे तरी कळतं. ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. मुलाला उरलेले पेढे दिले.

९ ऑक्टोबर

शुद्ध केलेल्या कॉलन्या, बाहेरचे प्रायमर, प्रत्येकीची आधी ऑक्सिडेज. सात कॉलन्यांचा पट्टा आखूड. सीक्वेन्सिंगही जुळलं. एरए नक्की गेला.

रक्ताच्या प्लेटवर झोन आहे.

थोडा अरुंद, कडा धुरकट, पण आहे. मी प्लेट घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले तर त्या हसायलाच लागल्या. "दुसरं विष विसरलीस." हायड्रोफिलात एरोलायसिनशिवाय तांबड्या पेशी फोडणारं आणखी एक विष, हेमोलायसिन, असतं, एचएलवायए. १९९८ मध्येच उंदरांच्या दूधपित्या पिल्लांवर दाखवून झालंय की दोन्ही विषं एकत्र काढली तरच घातकपणा ठळकपणे उतरतो. पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता, पिवळ्या हायलायटरसकट.

खरं तर आता वाटतं, २४ तारखेला झोन पूर्ण गायब दिसला तेव्हाच शंका यायला हवी होती. हवं ते दिसलं की डोळे मिटतात.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. कॉलेज मतदान केंद्र, दोन दिवस लॅब बंद. मतदान करून घरी बसले.

दुसऱ्या जीनचं काम अर्ध्यावर. सॅकबीच्या पद्धतीचा फायदा आत्ता कळतो: पहिला जीन काढताना मागे कुठलीही अँटिबायोटिकची खूण राहिली नाही, म्हणून तेच क्लोरँफेनिकॉलचं प्लाझ्मिड पुन्हा वापरता येतं. खूण राहिली असती तर टेट्रासायक्लिन आधीच बाद, मग हाताशी फार काही उरलं नसतं.

६ डिसेंबर

दोन्ही गेले. प्लेटवर झोन नाही. ऑक्सिडेज जांभळी. तीनदा पाहिली. पेढे आणले नाहीत.

द्रव माध्यमात दर तासाला गढूळपणा मोजला. मूळ वाण, एकेरी म्युटंट, दुहेरी म्युटंट, तिन्हींच्या रेषा एकमेकींवर. हे आधी करायलाच हवं, नाहीतर मुळात हळू वाढणाऱ्या जीवाणूला आपण "निरुपद्रवी" म्हणून बसायचो.

१२ डिसेंबर

घातकपणा तपासायला जीवाणू कशात टोचायचा यावर पुन्हा चर्चा. मला मासेच हवे होते. मॅडमनी साफ नाही म्हटलं, आणि कारण परवानगीपुरतं नाही. आमच्याकडे टाक्यांचं पाणी निर्जंतुक करून सोडायची सोय नाही, आणि कोपरखैरण्यातलं सांडपाणी शेवटी ठाणे खाडीतच उतरतं. २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेली खाडी, समोर रोहित पक्षी चरतात. जीन बदललेला जीवाणू तिथे सोडायचा नाही, मग तो दुबळा का असेना. आमच्याकडे वापरलेली टूथपिकसुद्धा १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून जाते.

म्हणून अळ्या. मधपेट्यांतलं मेण पोखरणाऱ्या पतंगाच्या, ज्यांना मधपाळ मेणकिडा म्हणून शिव्या घालतात. दादांच्याच ओळखीतल्या एका मधपाळाने खराब झालेली दोन पोळी आनंदाने दिली, "सगळ्या न्या ताई." अळ्यांना कोंडा, मध आणि ग्लिसरिनचं मिश्रण. एक डबा थंडीमुळे घरी स्वयंपाकघरात ठेवला होता. आईने तो उघडला. त्यावर इथे लिहीत नाही.

१९ डिसेंबर

टोचायचं काम हाताला सवय होईपर्यंत अवघड. अळी बोटावर उताणी धरायची, मागच्या मऊ पायांच्या शेवटच्या जोडीतला डावा पाय दिसला की सुई तिथून, १० मायक्रोलिटर, हळू. जोरात दाबलं तर हिरवट थेंब बाहेर येतो, ती अळी बाद. प्रत्येक गटात १०, एका गटाला नुसता बफर, म्हणजे जीवाणू नसलेलं द्रावण, एका गटाला काहीच नाही.

सकाळी मूळ वाणाचा गट काळा ठिक्कर. अळीचं शरीर प्रतिकार करताना मेलॅनिन साठवतं, दुधी रंग आधी ठिपक्या-ठिपक्यांनी करडा होतो, मग कोळशासारखा. एरए नसलेला गटही जवळजवळ तसाच. बफरचा गट दुधी, वळवळणारा. दुहेरी म्युटंटच्या गटात निम्म्या करड्या, निम्म्या दुधी, आणि मरायला लागल्या त्याही उशिरा.

म्हणजे दोन विषं काढूनही जीवाणू साधू झालेला नाही. प्रोटिएज आहेत, शेपटी आहे, यजमानाच्या पेशीत थेट प्रथिनं टोचणारी स्रावयंत्रणा असू शकते. शिवाय अळी म्हणजे रोहू नव्हे, तिला खवले नाहीत, कल्ले नाहीत, प्रतिपिंडं नाहीत. अहवालात "माशांतील घातकता कमी झाली" असं लिहायचा मोह होतोय. "अळ्यांमध्ये" असंच लिहिणार.

३ जानेवारी २०२५

आता परतीचा प्रवास: काढलेला जीन परत घालायचा. एरए एका प्लाझ्मिडवर चढवून दुहेरी म्युटंटमध्ये सोडला. झोन आला, पण केवढा! मूळ वाणापेक्षा मोठा. प्लाझ्मिडच्या पेशीत अनेक प्रती, म्हणजे विषही अनेक पट. याला परत घालणं म्हणत नाहीत, चोरलेल्या सायकलीच्या बदल्यात दारात ट्रक आणून उभा करणं झालं. मॅडम म्हणाल्या, टीएन७ वापर. हा ट्रान्सपोझॉन, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारा डीएनएचा तुकडा, ग्लमएस जीनच्या पलीकडे एका ठरलेल्या जागी एकच प्रत बसवतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

११ जानेवारी

दादांचा फोन. तळ्यातलं पाणी अर्धं बदललं, गर्दी कमी केली, चुना टाकला, ऑक्सिटेट्रासायक्लिन बंद केलं, मर थांबली. यातलं काहीही माझ्या प्रकल्पातून निघालेलं नाही, मत्स्यविभागाच्या माणसाने सांगितलेलं. "तुमचा जंतू सापडला का?" म्हटलं, सापडला, आता त्याचे दात मोजतेय. लस होईल का, हेही विचारलं. अमेरिकेत चॅनल कॅटफिशसाठी एडवर्डसिएला इक्टालुरीची जिवंत, दुबळी केलेली लस आहे, पण ती नेमका जीन कापून केलेली नव्हती. रिफाम्पिसिनवर पुन्हा पुन्हा वाढवत नेलं आणि तो आपोआप दुबळा झाला. आम्ही इथे सुरीने नक्षी काढतोय, त्यांनी दगडावर घासून काम केलं. दादा हसले आणि म्हणाले, मग घासा की.

२३ जानेवारी

टीएन७ बसला. बाहेरच्या प्रायमरने जागा तपासली, ग्लमएसच्या पलीकडेच. रक्ताच्या प्लेटवर चार ठिपके: मूळ वाण, एरए गाळलेला, दोन्ही गाळलेले, आणि एरए परत घातलेला. चौथ्याचा झोन मूळपेक्षा किंचित अरुंद, कारण एचएलवायए अजून बाहेरच आहे. असाच यायला हवा होता. पट्टीने मोजला, वहीत लिहिला, प्लेटचा फोटो तारखेसकट काढला. अळ्यांची नवी तुकडी सोमवारी.

चारही वाण ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० मध्ये, डब्बा ४, ओळ क, खाने १ ते ४. काकांनी झाकणांवरची नावं वाचून बघितली आणि खाना ३ परत लिहायला लावला. मार्कर पुसट होता.